ग्राहक-संशोधनात मोबदला: किती, कसा आणि कधी द्यायचा

समजा, कोल्हापुरात तुमचा थालीपीठ भाजणीचा घरगुती उद्योग आहे. आता लहान पाकीट काढायचंय, पण त्याआधी दहा-बारा गिऱ्हाइकांशी आणि चार-सहा दुकानदारांशी नीट बसून बोलावं असं ठरलंय. प्रश्न काढून झाले, नावंही काढली. मग कोणीतरी विचारतं, "या लोकांना काही द्यायचं का?" आणि गाडी तिथंच अडते. एक म्हणतो चहा-बिस्किटं पुरे, दुसरा म्हणतो आपलीच दोन पाकिटं देऊ, तिसरा थेट पाचशेची नोट काढायला निघतो.

तिघांचंही थोडं थोडं चुकतं, कारण आपण नक्की कशाचे पैसे देतोय हे ठरलेलं नसतं. पैसे द्यायचे ते समोरच्याच्या वेळेचे आणि त्रासाचे. त्याच्या मताचे नाही, तुमच्या मालाचं कौतुक करण्याचे तर मुळीच नाही. रक्कम किती, कधी सांगायची, रोख की यूपीआय, मधेच उठून गेला तर काय, असे बहुतेक प्रश्न मग याच कसोटीवर सुटतात.

१. मोबदला लागतोच का, ते आधी बघा

दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या तीन-चार प्रश्न विचारायचे असतील तर काही देऊ नका. लोक सहज बोलतात. पाच रुपयांचं चॉकलेट पुढे केलंत की उलट संशय येतो. वीस मिनिटांच्या पुढे बोलणं जाणार असेल, कुणाला तुमच्याकडे यायला लावणार असाल, कुणाच्या स्वयंपाकघरात उभं राहून बघणार असाल किंवा आठवडाभर पीठ वापरून रोज दोन ओळी लिहून ठेवायला सांगणार असाल, तर मोबदला द्यायलाच हवा.

तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र "आमच्याशी बोला, तीनशे देतो" असं म्हणू नका. आधी त्याची तक्रार सोडवा. ती सुटायच्या आत दिलेले पैसे त्याला तोंड बंद ठेवायचेच वाटणार.

आणखी एक गोष्ट संशोधनाच्या नावाखाली सर्रास चालते: "पाच तारे द्या, पन्नास रुपये घ्या." हे संशोधन नव्हे. पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू लिहून घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं आहे. मुलाखतीला आलेल्या बाईंना जाता जाता "जरा रिव्ह्यू पण टाका ना" असं सांगणंसुद्धा टाळा. तेवढ्या एका वाक्याने आधीचा तासभर जाहिरातीच्या खात्यात जमा होतो.

२. समोर कोण आहे ते पाहा, काहींना पैसे देता येत नाहीत

सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारायचं असेल, तर रोख नाही, व्हाउचर नाही, दिवाळीचा डबाही नाही. भेटी स्वीकारण्यावर त्यांच्या वर्तणूक नियमांची बंधनं आहेत (राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे नियम आहेत) आणि डोक्यावर १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे. रीतसर पत्र द्या, वेळ मागा आणि कार्यालयात जाऊन भेटा.

डॉक्टरांच्या बाबतीत, तुमचा धंदा औषधांचा किंवा वैद्यकीय उपकरणांचा असेल तर फार सांभाळून. कंपन्यांकडून भेटी घ्यायला डॉक्टरांना वैद्यकीय परिषदेच्या आचारनियमांतल्या २००९ च्या दुरुस्तीपासून मनाई आहे. असा भेटींवरचा खर्च आयकरात वजा मागता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी विपणनाची नवी आचारसंहिताही आली. या क्षेत्रात पहिलं पाऊल टाकण्याआधी वकिलाला विचारा, हा लेख पुरणार नाही.

मोठ्या कंपनीतल्या खरेदी विभागाच्या माणसाशी बोलायचं असेल, तर त्याच्या कंपनीचं भेटवस्तूंचं धोरण काय आहे हे त्यालाच विचारा. अशा लोकांना पाचशे रुपयांचं अप्रूप नसतं, पण निष्कर्षांचा दोन पानी सारांश हवा असतो. तो द्या, आणि कबूल केलेल्या तारखेला द्या. तो माणूस उद्या तुमच्याकडूनच माल घेणार की नाही हे ठरवणारा असेल, तर पैशाचा विषयच काढू नका. ते लाचेपासून फारसं वेगळं राहत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांशी बोलायचं तर आधी आई-वडिलांची परवानगी हवी. मोबदला पालकांच्या हाती द्या, मुलाला वही-रंगपेटीसारखं काही तरी द्या.

३. रक्कम कशी काढायची

बाजारभाव काय, असं नवखे लोक विचारतात. एकच भाव नसतो. त्यापेक्षा स्वतः गणित करा, ते सोपं आहे.

महिना २५,००० रुपये मिळवणारी व्यक्ती घ्या. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला साधारण १२० रुपये पडले. एक तास बोलणं आणि जाऊन-येऊन एक तास, असे दोन तास धरले तर २४० होतात. पण हा वेळ ती तुम्हाला कामावरून सुटल्यावर, घरची कामं मागे टाकून देणार आहे, म्हणून मी दुप्पट धरतो: ४८०, म्हणजे सरळ ५००. रिक्षा-बसचं भाडं वेगळं. ते मोबदल्यातून कापून घेणं अगदीच हलकं दिसतं.

महिना दोन लाख कमावणाऱ्या सीएचा तास याच हिशेबाने साडेनऊशेच्या पुढे जातो. त्याच्याशी ऑनलाइन पाऊण तास बोलायचं तर दुप्पट धरून १,४०० ते १,५०० होतात. एवढं परवडत नसेल तर वेळ कमी मागा. पंधरा मिनिटांचे तीन नेमके प्रश्न तो कदाचित फुकटही सोडवून देईल.

आता जिथं हे गणित चालत नाही, ती माणसं.

गृहिणीला पगार नाही म्हणून तिचा तास शून्य धरू नका. त्याच गटातल्या नोकरदार बाईला जे देणार, तेच तिलाही. रोजंदारीवर जाणाऱ्याचा तासाचा दर काढणं तर निव्वळ बनवाबनवी आहे. सकाळी दहाला तुमच्याशी तासभर बोलला की त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी नाक्यावर त्याला कोणी घेत नाही. त्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्या, नाहीतर संध्याकाळी त्याच्या वस्तीवर जा.

शेतकऱ्याच्या बाबतीत रकमेपेक्षा दिवस महत्त्वाचा. पेरणीच्या वाफशात किंवा ऊसतोडीची टोळी फडात आलेली असताना हजार रुपये दिलेत तरी माणूस भेटायचा नाही, आणि भेटला तरी त्याचं लक्ष दुसरीकडे असेल.

किराणा दुकानदाराचं नुकसान हे तासाचं नसून गिऱ्हाइकाचं असतं. संध्याकाळी सहाला गेलात तर तो एक डोळा काउंटरवर ठेवून हो-नाही एवढंच बोलेल. दुपारी गर्दी ओसरल्यावर जा, अर्धा तास धरा, तीन-चारशे द्या. पुष्कळ दुकानदार पैसे नाकारतात आणि म्हणतात, "राहू द्या हो, माल वेळेवर पाठवा म्हणजे झालं." अशा वेळी आग्रह एकदाच करावा.

रक्कम फार कमी ठेवली तर रिकामा वेळ असलेलेच लोक येतात, हे कुणाच्याही लक्षात येतं. फार जास्त ठेवली की काय होतं हे मात्र उशिरा कळतं. एक म्हणजे, भाजणी आयुष्यात न भाजलेला माणूसही "आम्ही दर आठवड्याला करतो" असं ठोकून देतो. दुसरं, आलेली व्यक्ती उपकाराखाली दबते आणि तुमच्या पिठाला खवट वास आहे हे तोंडावर बोलत नाही. आणि ज्याला पैशाची खरोखर निकड आहे, त्याला "नको" म्हणण्याची मोकळीकच राहत नाही. तुम्ही संमती घेतली असं कागदावर दिसतं, पण ती संमती पैशाने घेतलेली असते.

एका गटात सगळ्यांना सारखीच रक्कम द्या. एकाच सोसायटीतल्या दोघींना वेगवेगळी दिलीत, तर जिना उतरेपर्यंत ते दोघींना कळलेलं असतं.

४. काय द्यायचं: रोख, यूपीआय, कार्ड की वस्तू

माझं मत यूपीआयच्या बाजूने आहे. नोंद आपोआप राहते आणि पैसे पाठवण्याआधी नाव पडद्यावर दिसतं, त्यामुळे चुकीच्या नंबरावर जायची भीती कमी. मात्र फसवणुकीच्या इतक्या बातम्या येतात की लोक घाबरलेले असतात. त्यांना स्पष्ट सांगा: "पैसे मिळवण्यासाठी तुम्हाला पिन टाकावा लागणार नाही, ओटीपी सांगावा लागणार नाही, कुठल्या लिंकवर जायचं नाही. फक्त नंबर द्या." आधारची झेरॉक्स मागू नका, तुम्हाला तिचा काही उपयोग नाही.

घरातल्या वयस्क बाईंचं यूपीआय बऱ्याचदा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर असतं. तिकडे पैसे गेले की ते त्यांच्या हातात येतीलच असं नाही. म्हणून "कशावर पाठवू?" असं न विचारता "रोख चालेल की फोनवर पाठवू?" असं विचारा. निवड त्यांची. रोख द्यायची तर कोऱ्या पाकिटात, सगळ्यांसमोर न मोजता द्या.

गिफ्ट कार्ड नोकरदार तरुणांना चालतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे प्रीपेड गिफ्ट कार्डाची मर्यादा १०,००० रुपये आहे, तुमचं काम त्याच्या कितीतरी आत भागतं. पण ज्याने आयुष्यात ऑनलाइन खरेदी केली नाही, त्याच्या हाती सोळा आकडी कोड देऊन काय साधणार? कार्ड कुठं चालतं आणि किती दिवस चालतं, हे आधी स्वतः वाचा.

वस्तू देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे: स्टीलचा डबा, कॅसरोल, चादर, पर्स. छोट्या गावात ती अजूनही बरी पडते, कारण पैसे घेणं कमीपणाचं वाटणारी घरं आहेत आणि डबा घ्यायला कुणालाच संकोच वाटत नाही. मात्र त्या डब्यावर तुमच्या धंद्याचं नाव छापू नका.

सगळ्यात मोहात पाडणारी आणि माझ्या मते सगळ्यात वाईट निवड म्हणजे स्वतःचाच माल किंवा स्वतःच्या मालावरची सवलत. खर्च कमी पडतो, हे खरं. पण ज्या भाजणीबद्दल खरं बोला म्हणताय, तीच हातात ठेवून कोण खरं बोलेल? ज्यांना ती आवडते तेच मुळात यायला तयार होतील. सवलतीचं कूपन तर त्याहून वाईट, कारण मोबदला मिळवायला समोरच्याला आधी खिशातून पैसे काढावे लागतात. वापरून बघण्यासाठी पाकीट द्यायचंच असेल तर खुशाल द्या, पण ते मोबदल्यात धरू नका.

लकी ड्रॉही नवख्यांना स्वस्त वाटतो. शंभरजणांचा फॉर्म भरून घ्यायचा आणि एकाला मिक्सर द्यायचा. यात उरलेल्या नव्याण्णव जणांचा वेळ तुम्ही फुकट घेतला. शिवाय निकाल जाहीर न करणं ग्राहक संरक्षण कायद्याखाली अंगाशी येऊ शकतं, आणि १०,००० रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर कापावा लागतो. एवढी झंझट करण्यापेक्षा कमी लोकांना थोडं थोडं द्या.

५. बोलावताना काय सांगायचं

आमंत्रणाची सुरुवात रकमेने करू नका. "५०० रुपये मिळवा!" अशी ओळ व्हॉट्सअॅपवर टाकलीत की ती तासाभरात तुम्ही न पाहिलेल्या वीस ग्रुपांवर फिरते. आधी काम सांगा, मग वेळ, मग मोबदला. असा मजकूर चालेल:

"नमस्कार. आम्ही घरगुती स्वयंपाकाच्या सवयींबद्दल काही जणींशी बोलत आहोत. साधारण एक तास लागेल, शनिवारी सकाळी ११ वाजता, राजारामपुरीत. काहीही विकणार नाही. बरोबर-चूक असं काही नाही, न आवडलेलंही मोकळेपणाने सांगावं. तुमच्या वेळेबद्दल ५०० रुपये आणि येण्याजाण्याचा खर्च त्याच दिवशी देऊ. मधेच थांबावंसं वाटलं तरी पैसे मिळतील. यायला जमेल का, ते कळवा, म्हणजे फोन करून दोन-तीन प्रश्न विचारू."

यात भाजणीचं नाव नाही, हे मुद्दाम. फोनवर विचारतानाही "तुम्ही भाजणी विकत आणता का?" असं न विचारता "गेल्या महिन्यात यातली कोणती पिठं विकत आणली?" असं विचारा आणि पाच-सहा नावं वाचा: बेसन, नाचणी, भाजणी, इडली रवा वगैरे. कोणतं उत्तर दिलं की पैसे मिळतात हे समोरच्याला कळता कामा नये.

आणखी दोन प्रश्न या धंद्यात सगळेच विचारतात, तुम्हीही विचारा. घरात कोणी मार्केट रिसर्च, जाहिरात किंवा खाद्यपदार्थांच्या धंद्यात आहे का? आणि गेल्या सहा महिन्यांत अशा कोणत्या चर्चेला गेला होतात का? शहरांत काही मंडळी या मुलाखतींवर बऱ्यापैकी वरकमाई करतात. त्यांना सगळी उत्तरं येतात, आणि नेमकी हीच त्यांची अडचण आहे.

आठजणी हव्या असतील तर दहाजणींना बोलवा, कारण दोघी येत नाहीत. दहाच्या दहा आल्या तर जास्तीच्या दोघींना हसतमुखाने पूर्ण पैसे देऊन घरी पाठवा. त्या वेळ काढून आल्या होत्या.

६. प्रत्यक्ष देताना

बहुतेक ठिकाणी पाकीट शेवटी देतात. मी सुरुवातीला देण्याच्या बाजूने आहे, निदान समोरासमोरच्या मुलाखतीत तरी. सही घ्या, पाकीट द्या आणि म्हणा, "हे तुमच्या वेळेचं, आता काहीही बोललात तरी हे तुमचंच." त्यानंतर टीका जरा मोकळेपणाने येते. टपालाने पाठवायच्या प्रश्नावल्यांबद्दल या मुद्द्याला जुना आधार आहे. अॅलन चर्च या संशोधकाने १९९३ मध्ये ३८ अभ्यास एकत्र तपासले. सोबत पैसे आधीच पाठवले तेव्हा प्रतिसाद सरासरी १९ टक्के-बिंदूंनी (म्हणजे शंभरामागे १९ जणांनी) वाढला होता, आणि "भरून पाठवा, मग देऊ" या आश्वासनाने म्हणावा असा फरक पडला नव्हता. ते टपालाचं आणि परदेशातलं काम, जसंच्या तसं कोल्हापूरच्या दिवाणखान्यात लागू होईल असं नाही. पण विश्वास आधी कुणी दाखवायचा, याचं उत्तर इथंही तेच आहे.

यूपीआयने देणार असाल तर माणूस खोलीत असतानाच पाठवा. "अकाउंट्सवाले सोमवारी करतील" हे वाक्य ऐकलं की लोकांचे चेहरे पडतात. पुढच्या वेळी त्या गल्लीतून तुम्हाला कोणी मिळत नाही.

अर्ध्यात उठून गेलेल्यालाही पूर्ण द्या. त्यात तुमचे शंभर-दोनशे जातील, पण "आवडेल तेवढंच सांगा, नको वाटलं तर थांबा" असं जे तुम्ही सुरुवातीला म्हणालात, ते खरं ठरतं.

७. नोंद आणि कर

एका कागदावर नाव, तारीख, रक्कम, सही किंवा यूपीआयचा व्यवहार क्रमांक. उत्तरांच्या वहीत नाव लिहू नका, तिथे फक्त क्रमांक घाला आणि दोन्ही कागद वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेताय, हे साध्या मराठीत आधी सांगायची सवय आत्ताच लावून घ्या. काम झालं की नंबर खोडून टाका. त्यांना सणाच्या ऑफरचे मेसेज पाठवायचे नाहीत.

कराचं ओझं लहान उद्योगाला फारसं नाही. धंद्याच्या निमित्ताने कुणाला वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ किंवा वस्तू दिली तर १० टक्के करकपात करावी लागते, हा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. आधीच्या वर्षी एक कोटीच्या आत उलाढाल असलेल्या वैयक्तिक मालकीच्या धंद्याला त्यातून सूट आहे. एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलीत तर तो खर्च मान्य होत नाही. तुमचे पाचशे यापासून लांब आहेत. एकाच तज्ज्ञाला वारंवार बोलावणार असाल तर मात्र सीएला विचारा, आणि जुने कलम क्रमांक पाठ करून जाऊ नका: १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने ते बदलले आहेत.

८. ऑनलाइन फॉर्म असेल तर

इथं फसवणूक सगळ्यात जास्त. उघडी लिंक आणि मोबदला यांची जोडी कधीही जमवू नका. प्रत्येकाला वेगळी लिंक द्या, ती एकदाच चालावी. एकाच यूपीआय आयडीवर तीन नावांनी पैसे मागितलेत का, दहा मिनिटांचा फॉर्म दीड मिनिटात भरलाय का, हे पाहून मगच पैसे सोडा. मात्र अशी तपासणी होईल आणि त्याला किती दिवस लागतील, हे फॉर्मच्या वरच लिहा. नंतर काढलेली अट म्हणजे सरळ पैसे बुडवणं.

९. एकूण किती लागतील

सुरुवातीच्या भाजणीचाच हिशेब मांडू. बारा गिऱ्हाइकं आणि जास्तीच्या दोघी, असे १४ गुणिले ५००, म्हणजे ७,०००. येण्याजाण्याचे प्रत्येकी १०० धरून १,४००. सहा दुकानदार प्रत्येकी ४००, म्हणजे २,४००. प्रश्न नीट कळतात का हे बघायला आधी तिघींची रंगीत तालीम: १,५००. बेरीज १२,३००. अडीअडचणीला दहा टक्के म्हणजे १,२३० वर ठेवले की १३,५३० होतात. चहा-पाणी आणि जागेचं भाडं यात नाही.

आकडा जड वाटत असेल तर माणसं कमी करा. बाराऐवजी आठ गिऱ्हाइकं आणि सहाऐवजी चार दुकानदार घेतले तर हाच हिशेब दहा हजारांच्या आसपास येतो. पाचशेचे तीनशे मात्र करू नका, आणि रिक्षाच्या शंभरालाही कात्री लावू नका.